विहिरी खोदणारा लेखक : आंद्रेय प्लातोनोव्ह आणि वोरोनेझचा दुष्काळ

हे प्रकरण कशाचं आहे

रशियन साहित्यात निसर्गाची चिंता वाहणारं सर्वांत ओळखीचं पात्र म्हणजे चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’मधला डॉक्टर आस्त्रोव्ह. आपल्या तालुक्याचे तो तीन नकाशे रंगवतो : पन्नास वर्षांपूर्वीचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा आणि आजचा. दर नकाशात हिरवा रंग आक्रसत गेलेला. ज्या बाईला तो हे समजावून सांगतो तिचं लक्ष भलतीकडेच असतं. रशियातली पर्यावरणाची धास्ती म्हटली की बहुतेक लेख या प्रसंगापाशी सुरू होतात आणि तिथेच थांबतात.

मी इथे दुसरा माणूस घेतला आहे. ‘अंकल वान्या’ मॉस्को आर्ट थिएटरमध्ये रंगमंचावर आलं ते १८९९ साली. त्याच वर्षी वोरोनेझ शहराच्या यामस्काया वस्तीत, रेल्वेत काम करणाऱ्या प्लातोन क्लिमेंतोव्हच्या घरी आंद्रेयचा जन्म झाला. पुढे वडिलांच्या नावावरून त्याने प्लातोनोव्ह हे लेखकाचं नाव घेतलं. तो लेखक होता आणि सरकारी पाणी-अभियंताही. त्यामुळे धास्ती वाटल्यावर माणूस प्रत्यक्षात काय काय करून पाहतो, कशात फसतो, आणि काम करता करता त्या धास्तीचंच रूप कसं पालटतं, हे त्याच्या बाबतीत टप्प्याटप्प्याने पाहता येतं. प्लातोनोव्हचं नाव झाकण्यात अर्थ नाही. त्याचे वरिष्ठ आणि सहकारी मात्र इथे बिननावाचेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

वोरोनेझ म्हणजे काळ्या मातीचा गवताळ प्रदेश. माती इतकी सुपीक की रशियन मृदाशास्त्राचा पाया तिच्याच अभ्यासावर घातला गेला. पण जमीन उघडी, जंगल तोडलेलं, उताराला पडलेल्या घळी दर पावसाळ्यात रुंदावणाऱ्या, आणि आग्नेयेकडून येणारा कोरडा गरम वारा उभं पीक करपवून टाकणारा. १८९१ च्या दुष्काळाने हा सगळा भाग होरपळला. त्या दुष्काळातून विचारांच्या दोन वाटा फुटल्या आणि पुढे दोन्ही प्लातोनोव्हपर्यंत पोचल्या.

पहिली वाट वसिली दोकुचायेव्ह या मृदाशास्त्रज्ञाची. १८९२ मध्ये त्याने गवताळ प्रदेशाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी वोरोनेझ प्रांतातच, कामेन्नाया स्तेप नावाच्या माळावर, प्रयोग सुरू केले. घळींना बांध घालून तळी करायची, वाऱ्याला आडवे झाडांचे पट्टे लावायचे, पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ वाहून जाऊ द्यायचा नाही. सगळं साधं, सावकाश आणि चिकाटीने करायचं काम.

दुसरी वाट निकोलाय फ्योदोरोव्ह या ग्रंथपाल-तत्त्वज्ञाची. त्याच्या मते निसर्ग ही आंधळी शक्ती आहे. माणसं एकमेकांशी लढतात ती ताकद एकवटून तिला लगाम घालणं हे सगळ्या मानवजातीचं समाईक काम आहे. स्फोटकांनी पाऊस पाडता येईल का, ही त्या काळात चर्चेत असलेली कल्पना त्याने उचलून धरली. सैन्याने माणसांवर तोफा डागण्यापेक्षा ढगांवर डागाव्यात, असा त्याचा रोख. ऐकायला विक्षिप्त वाटतं, पण सगळा गाव उपाशी बसलेला असताना हे वाचणाऱ्या तरुणाला ते विक्षिप्त वाटलं नसेल.

प्लातोनोव्ह किशोरवयापासून कामाला लागला होता. क्रांतीनंतर रेल्वेच्या तंत्रशाळेत वीज-विभागात शिकला, वोरोनेझच्या वर्तमानपत्रांत कविता आणि लेख लिहू लागला. १९२२ मध्ये त्याचा कवितासंग्रहही आला. त्या वयातल्या लेखांचा सूर विजयी आहे : पृथ्वी हे एक नादुरुस्त यंत्र आहे आणि कामगारवर्ग तिची दुरुस्ती करणार आहे.

अडचण

१९२१ च्या उन्हाळ्यात व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस पडला नाही. युद्ध, यादवी आणि धान्याची सक्तीची वसुली यांनी गावांत साठे उरलेच नव्हते. त्या दुष्काळात अंदाजे ५० लाख माणसं मेली.

प्लातोनोव्हने १९२४ मध्ये लिहिलेल्या आत्मपरिचयात याबद्दल एकच वाक्य आहे. १९२१ च्या अवर्षणाचा आपल्यावर विलक्षण परिणाम झाला आणि तंत्रज्ञ असल्यामुळे साहित्यासारखं बघत बसण्याचं काम आपल्याला यापुढे करता येईना, असं तो म्हणतो.

यात दुःखाचा आविर्भाव नाही. ज्याच्या हाताला काम येतं त्याने लिहीत बसणं त्याला अनुचित वाटलं, इतकंच. त्या घटकेला त्याची धास्ती निसर्गासाठी नव्हती, निसर्गाची होती. निसर्ग माणसाला मारतो आहे आणि आपण कविता करतो आहोत. हा फरक लक्षात ठेवायला हवा. आज प्लातोनोव्हला हिरव्या विचारांचा पूर्वसूरी म्हणून मिरवणारे त्याची नंतरची वाक्यं उचलतात आणि ही सुरुवात गाळतात.

समोर कोणते पर्याय होते

लिहीत राहणं हा एक पर्याय होता, आणि तो वाईट नव्हता. पक्षाच्या वर्तमानपत्रांत त्याला जागा होती, नाव होत होतं. दुष्काळावर लेख लिहून मदत गोळा करणं हेही कामच असतं.

गावांनी जो पर्याय निवडला होता तो त्याने जवळून पाहिला असणार, कारण ‘विजेची जन्मभूमी’ या कथेत तो फार बारकाईने उतरला आहे. १९२१ चा उन्हाळा. धुळीच्या रस्त्याने पावसासाठी मिरवणूक निघाली आहे, पुढे मेरीमातेची प्रतिमा, मागे वाळलेली माणसं. एक अगदी थकलेली म्हातारी तरुण तंत्रज्ञाला भेटते. तो तिला सांगतो की कुणाची प्रार्थना करू नकोस, निसर्गाला शब्द ऐकू येत नाहीत आणि प्रार्थनाही. निसर्ग भितो फक्त बुद्धीला आणि कामाला. त्याच गावात एक जुनी मोटारसायकल जमिनीत रोवून, तिच्या इंजिनात धान्याची दारू जाळून दिवे लावलेले असतात. तो तंत्रज्ञ ते इंजिन शेताला पाणी देण्यासाठी पंपाला जोडायच्या मागे लागतो. माणसं उपाशी, धान्याची दारू इंजिनात, आणि तरी सगळ्यांना विजेचा अभिमान. यातली विसंगती लेखकाला दिसते. तो हसत नाही, टीकाही करत नाही.

उरलेले दोन पर्याय अभियंत्याचे होते : मोठा आणि छोटा. मोठा म्हणजे हवामानच बदलणं. हा प्लातोनोव्हला भुरळ घालत होता हे नाकारण्यात अर्थ नाही. १९२२ च्या ‘सूर्याचे वंशज’ या कथेत व्होगुलोव्ह नावाचा अभियंता डोंगररांगा स्फोटांनी उडवून वाऱ्यांच्या वाटा वळवतो, म्हणजे सगळ्या पृथ्वीवर हवामान सारखं होईल. कथाच आहे म्हणून सोडून द्यावं, तर त्या वर्षांतल्या त्याच्या लेखांतही हीच भाषा येते. छोटा पर्याय दोकुचायेव्हचा : बांध, तळं, विहीर.

काय केलं

पहिला निर्णय १९२२ च्या सुरुवातीला झाला. प्लातोनोव्ह प्रांताच्या जमीन खात्यात पाण्याच्या कामावर रुजू झाला आणि पुढच्या वर्षी संपूर्ण वोरोनेझ प्रांताचा जमीन-सुधारणा अधिकारी झाला. वय तेवीस-चोवीस.

डोंगर उडवण्याची स्वप्नं पाहणाऱ्या या माणसाने प्रत्यक्षात काय केलं, हे १९२६ मध्ये खात्याने दिलेल्या दाखल्यात नोंदलेलं आहे : ७६३ तळी, ३३१ विहिरी, ७६०० देस्यातिना म्हणजे सुमारे ८३०० हेक्टर पाणथळ जमिनीचा निचरा, शिवाय गावांसाठी ३ छोटी वीजकेंद्रं. १९२४ मध्ये पुन्हा पाऊस हुकला तेव्हा ही कामं सार्वजनिक रोजगाराच्या रूपाने वाढवली गेली. तिखाया सोस्ना नदीचं पात्र साफ करून काठची दलदल हटवण्याचं काम त्यातलंच.

१९२५ मध्ये समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की वोरोनेझला आला होता. त्याने नंतर लिहिलं की कॉम्रेड प्लातोनोव्ह फार कामात आहेत, वाळवंट पुढे सरकतंय. एका ओळीत त्याने माणूस पकडला. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत आणि दुसरी पहिलीचं कारण आहे. धास्तीने हातपाय गाळून बसलेला माणूस आणि धास्तीमुळे वेळ नसलेला माणूस, यांतला दुसरा इथे दिसतो.

पण याच काळात त्याच्या मनात शंका शिरली असावी, असं माझं मत आहे. प्लातोनोव्हचा भ्रमनिरास राजवटीने केला, असं सरधोपटपणे सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. तळं बांधणाऱ्याला दर वर्षी पाण्याचा हिशेब द्यावा लागतो. बर्फ वितळून किती पाणी आलं, घळीत किती थांबलं, किती जिरलं, सांडवा टिकला की वाहून गेला. पाणी घोषणा ऐकत नाही. चार वर्षं हा हिशेब ठेवल्यावर डोंगर उडवण्याची कथा पूर्वीसारखी लिहिता येणं अवघड असतं.

दुसरा निर्णय १९२६ चा, वोरोनेझ सोडण्याचा. शेती आणि वनविभागातल्या तज्ज्ञांच्या कामगार संघटनेच्या केंद्रीय समितीवर त्याची निवड झाली. बायको-मुलाला घेऊन तो मॉस्कोला आला आणि काही आठवड्यांतच ते पद गेलं. नोकरी नाही, राहती जागा सोडायचा तगादा, पोटासाठी तांत्रिक पुस्तकं विकायची वेळ. वर्षाअखेर त्याला एकट्याला तांबोव्हला धाडलं. तिथलं खातं त्याला परकं आणि वैरी वाटलं. बायकोला लिहिलेल्या पत्रांतून ते कळतं. १९२७ च्या मार्चमध्ये त्याने तांबोव्ह सोडलं. नोकरीच्या दृष्टीने हा सगळा घाट्याचा सौदा होता.

तिसरा निर्णय त्या तांबोव्हच्या थंडीतला. त्याने ‘येपिफानचे जलद्वार’ ही दीर्घकथा लिहिली.

तांबोव्हमधली कथा, जरा जवळून

कथा पीटर सम्राटाच्या काळातली आहे. डॉन आणि ओका या नद्या जोडणारा कालवा काढायचा आहे, त्यासाठी बर्ट्रंड पेरी नावाचा इंग्रज अभियंता बोलावला आहे. याला इतिहासाचा आधार आहे : जॉन पेरी हा इंग्रज अभियंता १६९८ मध्ये पीटरच्या चाकरीत आला होता आणि अशाच कालव्यांवर त्याने काम केलं होतं. तो अखेर जिवंत मायदेशी परतला. कथेतल्या पेरीच्या नशिबी ते नाही.

कथेतला पेरी हुशार आहे, प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे. त्याचे नकाशे बरोबर आहेत. चूक आहे ती मूळ पाहणीत. ज्या पाहणीवर सगळा अंदाज बेतला ती नेमकी भरपूर पाण्याच्या वर्षी झाली होती. साध्या वर्षी नद्यांना तेवढं पाणीच नसतं. कालव्याला पाणी पुरेना तेव्हा पेरी इवान सरोवराच्या तळाशी जिवंत झरा आहे म्हणून तिथे छिद्र घ्यायला लावतो. नळी खाली जाते, पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर फुटतो आणि सरोवराचं पाणी खालच्या कोरड्या वाळूत उतरू लागतं. जास्त पाणी मिळवण्याच्या खटपटीत होतं तेही जातं.

विहिरी खोदलेला माणूसच हे लिहू शकतो. थर कुठे फुटेल, नळी एकदम सैल का पडते आणि त्या क्षणी खोदणाऱ्यांचे चेहरे कसे होतात, हे टेबलावर बसून सुचत नाही. पण कथेतलं माझ्या मते सर्वांत जड वाक्य तांत्रिक नाहीच. कालवा फसल्यावर निवेदक सहज सांगून जातो की पाणी कमी पडणार आणि नावा चालणार नाहीत हे येपिफानमधल्या सगळ्या बायकांना वर्षभर आधीच ठाऊक होतं, म्हणून गावकरी त्या कामाकडे राजाचा खेळ आणि परदेशी माणसाची लहर म्हणूनच बघत होते. पेरीने त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. शेवटी पेरीला पायी मॉस्कोला नेऊन मारतात.

जमीन खात्याच्या दाखल्यात ७६३ तळी मावतात. गावातल्या बायकांना काय ठाऊक होतं, याला तिथे रकाना नसतो. प्लातोनोव्ह साहित्याकडे परतला तो इथे, असं मला वाटतं. साहित्य निरुपयोगी म्हणून त्याने सोडलं होतं. कामातून जे कळलं ते ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्याने ते पुन्हा धरलं.

हा बदल साफ आणि सरळ होता असं मात्र नाही. त्याच थंडीत त्याने ‘ईथर-मार्ग’ ही दीर्घकथाही लिहिली, आणि तिच्यात इलेक्ट्रॉनला खाऊ घालून पदार्थ वाढवण्याची कल्पना आहे. एका टेबलावर दोन विरुद्ध दिशांची हस्तलिखितं.

निष्पत्ती

१९२७ मध्ये ‘येपिफानचे जलद्वार’ याच नावाचा कथासंग्रह निघाला आणि प्लातोनोव्ह लेखक म्हणून नावारूपाला आला. ते फार टिकलं नाही. १९३१ मध्ये सामूहिक शेतीवरची त्याची ‘व्प्रोक’ ही कथा स्टालिनच्या नजरेत खुपली आणि छपाईची दारं जवळजवळ बंद झाली. ‘पायाचा खड्डा’ आणि ‘चेवेंगुर’ या त्याच्या दोन थोर कलाकृती त्याच्या हयातीत छापल्या गेल्याच नाहीत. १९५१ मध्ये क्षयाने तो गेला.

विचारांच्या अंगाने पाहिलं तर या प्रकरणाचा शेवट १९३४ मधला आहे. त्या वर्षी त्याने ‘पहिल्या समाजवादी शोकांतिकेविषयी’ हा छोटा लेख लिहिला. निसर्ग स्वतः थोर नाही आणि विपुलही नाही, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. किंवा त्याची घडणच अशी कठोर आहे की आपली विपुलता त्याने अजून कुणालाच दिलेली नाही. आणि हे बरंच आहे. नाहीतर माणसांनी तो केव्हाच लुटून, उधळून, थेट हाडांपर्यंत खाऊन टाकला असता. पुढे तो आर्किमिडीजच्या तरफेचं उदाहरण घेतो. जग उलथता येईल, पण एवढी लांब तरफ फिरवेपर्यंत वाटेत इतकं गमवावं लागेल की तो विजय कामाचाच उरणार नाही.

१९२१ मधला तरुण निसर्ग माणसाला मारील म्हणून घाबरला होता. १९३४ मधला माणूस निसर्ग अजून पुरता आपल्या हाती लागला नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. तरीही तो यंत्र टाकून द्या म्हणत नाही. तंत्रज्ञान आणि निसर्ग यांच्यातलं नातं शोकांतिकेचं आहे, एवढंच म्हणतो. दोघांपैकी एकाला खलनायक ठरवून मोकळं होणं त्याला जमत नाही, आणि रशियन विचारात त्याची जागा त्यामुळेच वेगळी आहे. फ्योदोरोव्हला निसर्गावर ताबा हवा होता. सत्तरीच्या दशकातले सायबेरियाचे ग्रामीण कथाकार बुडालेल्या गावांचा शोक करतात. प्लातोनोव्ह या दोघांच्या मधे, हातात मोजपट्टी घेऊन उभा आहे.

आणखी एक धागा. १९८६ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत सरकारने उत्तरेकडच्या आणि सायबेरियातल्या नद्यांचं पाणी दक्षिणेकडे वळवण्याच्या प्रचंड योजनेचं काम थांबवलं. त्या योजनेविरुद्ध सर्वांत जोराने लढलेल्या लेखकांत सेर्गेय झालिगिन होता. तोही शिक्षणाने आणि पेशाने पाणी-अभियंता. त्याच वर्षी तो ‘नोवी मीर’ मासिकाचा संपादक झाला, आणि १९८७ मध्ये त्याच मासिकात ‘पायाचा खड्डा’ सोव्हिएत वाचकांसमोर पहिल्यांदा आला.

कुठे वेगळं करता आलं असतं

१९२२ चा निर्णय मला बरोबर वाटतो. डोंगरांऐवजी तळी निवडण्याचाही. आक्षेप आहे तो दाखल्याच्या भाषेवर. किती तळी झाली हे कळतं, पाच वर्षांनी किती तळ्यांत पाणी असेल आणि गाळ कोण काढेल हे त्या आकड्यांतून कळत नाही. बांधणारा अधिकारी बदलीवर गेला की तळं गावाचं असतं, आणि गावाला ते आपलं वाटतं की सरकारचं, यावर सगळं ठरतं. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. प्लातोनोव्हला हे उमगलं होतं, पण अधिकारी म्हणून नाही, पेरीच्या कथेत.

त्याने दुसरा मार्ग स्वतःच लिहून ठेवला आहे, ‘वाळूची शिक्षिका’ या कथेत. वाळवंटाच्या काठच्या खेड्यात तरुण शिक्षिका मारिया गावाला वाळू थोपवणारी झुडपं लावायला शिकवते. दोन-तीन वर्षांत गाव सावरतं. मग भटक्या टोळ्या येतात, त्यांची जनावरं सगळं खाऊन तुडवून जातात. ती जाब विचारायला जाते तेव्हा टोळीचा म्होरक्या म्हणतो की जो भुकेला आहे आणि मायभूमीचं गवत खातो तो गुन्हेगार नव्हे. तिच्याकडे याला उत्तर नाही. वरिष्ठ तिला आणखी आत, स्थायिक होऊ लागलेल्या त्या भटक्यांच्याच वस्तीत पाठवू पाहतात. आपली तरुणाई इथेच गाडायची का, असा प्रश्न तिला पडतो, आणि ती जायला तयार होते. कुंपण घालण्याचा पर्याय कथेत कुणी मांडतच नाही. ज्यांच्या जनावरांनी रोपं खाल्ली त्यांनाच लावणीत घ्यायचं, हा त्या बदलीचा अर्थ. हे धोरण प्रांतिक अधिकारी असताना राबवायला त्याला वाव किती होता, हा प्रश्न उरतोच. हाताखाली अपुरी माणसं आणि डोक्यावर पुढच्या उन्हाळ्याचं भय असताना माणूस आधी विहीर खोदतो.

वोरोनेझ सोडणं ही व्यवहारातली चूक होती असं म्हणता येईल. पण तांबोव्हचा एकांत नसता तर पेरीची कथा झाली असती का, याची मला खात्री वाटत नाही.

१९३४ च्या लेखाबाबत मात्र मत ठाम आहे. तो त्याने मॅक्झिम गॉर्कीच्या पुढाकाराने, पंचवार्षिक योजनांच्या गौरवासाठी निघणाऱ्या सामूहिक ग्रंथाला दिला. १९३१ चा तडाखा बसल्यावर, गौरवग्रंथात, ‘तरफ फिरवेपर्यंत विजय निरुपयोगी होईल’ हे वाक्य चालेल असं त्याला कसं वाटलं असेल? लेख नाकारला गेला आणि कित्येक दशकं अंधारात राहिला. त्याच वर्षी तो लेखकांच्या तुकडीबरोबर तुर्कमेनियाला गेला होता आणि तिथल्या वाळवंटावर लिहिलेली ‘ताकीर’ ही कथा मात्र छापून आली. कथेत जे खपलं ते लेखात खपलं नाही. निसर्गाची तीच ओढाताण पात्रांच्या तोंडून सांगितली असती तर १९३४ मध्येच ती काही हजार वाचकांपर्यंत पोचली असती, आणि त्या हजारांत कालवे आखणारे काही अभियंतेही असते.